गंधक जळतंय की नुसतं उडतंय?

तासगावकडच्या एका बेदाणा उत्पादकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: १० बाय १० फुटांची, ८ फूट उंचीची खोली. आत क्रेटमध्ये २ टन वाळलेला माल. त्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. लोखंडी घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव करून त्यावर टनाला २ किलो या हिशेबाने ४ किलो गंधक टाकतात, दार प्लॅस्टिक लावून बंद करतात आणि सकाळी उघडतात. सकाळी घमेल्यात गंधकाची ढेप तशीच उरलेली असते. वरच्या क्रेटवर पिवळी भुकटी बसलेली, वरचा माल छान पिवळा, खालचा तांबूसच. पुढच्या वेळी ५ किलो टाकू का, असं ते विचारतात. मुलगी बारावीला आहे, तिच्या पुस्तकात सल्फाइटवर ॲसिड टाकून, गंधक जळून होतो तोच सल्फर डायऑक्साइड वायू तयार केलाय. मग गंधक जाळण्याऐवजी मेटाबायसल्फाइटवर ॲसिड टाकलं तर चालेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

मी बेदाण्यातला माणूस नाही. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून ३१ गळीत हंगाम काढले, आणि त्यातला बराच काळ गंधकाच्या भट्टीशी भांडण्यात गेला. मेहुण्याच्या बेदाणा शेडवर मात्र चार-पाच वर्षं हात घातलाय, त्यामुळे तुमच्या खोलीत काय होत असेल ते डोळ्यांसमोर येतं.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ५ किलो टाकू नका. तुम्हाला गंधक कमी पडत नाहीये, हवा कमी पडतेय. सल्फर डायऑक्साइड तयार करणं ही रसायनशास्त्रातली फार सोपी गोष्ट आहे, डझनभर रस्ते आहेत. अवघड आहे ते त्याच्यासोबत दुसरं काही मालावर न येऊ देणं, आणि तो हवा तेव्हा थांबवता येणं. कुठली अभिक्रिया निवडायची ते या दोन गोष्टींवर ठरतं.

आता हिशेब करू. गंधकाचा अणुभार ३२, ऑक्सिजनच्या रेणूचाही ३२. म्हणजे १ किलो गंधकाला जळायला बरोबर १ किलो ऑक्सिजन लागतो आणि २ किलो वायू मिळतो. इतका सुटसुटीत हिशेब रसायनशास्त्रात क्वचितच सापडतो. तुमची खोली ८०० घनफूट, म्हणजे साडेबावीस घनमीटर. माल आणि क्रेट वजा केले तर २० घनमीटर हवा धरू. तिच्यात पाचवा हिस्सा ऑक्सिजन, वजनाने साधारण साडेपाच किलो. ४ किलो गंधक पूर्ण जळायला त्यातला ४ किलो, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश ऑक्सिजन संपवावा लागेल. इतका संपायच्या फार आधी ज्योत विझते. त्यात गोवऱ्यांनीही आपला वाटा खाल्लेला असतो. खोली प्लॅस्टिकने जितकी घट्ट बंद कराल तितकं गंधक कमी जळणार.

मग उरलेलं गंधक उडतं कसं? कारण खाली विस्तव आहे. गंधक ११५ ते १२० अंशांना वितळतं, तेव्हा ते चांगलं पातळ असतं. १६० च्या पुढे गेलं की काकवीसारखं घट्ट आणि काळपट होतं. २५० अंशांच्या आसपास हवेत पेट घेतं आणि ४४५ अंशांना उकळतं. गोवरीचा निखारा त्याहून कितीतरी गरम असतो. म्हणजे तुम्ही गंधक जाळत नाही, उकळताय. वाफ हवेत येते, ऑक्सिजन मिळाला तर जळते, नाही मिळाला तर वर जाऊन थंड पडते आणि जिथे टेकेल तिथे पिवळी भुकटी होऊन बसते. तुमच्या वरच्या क्रेटवर जे बसलंय ते हेच, न जळलेलं गंधक. ते वायूचं काम करत नाही, पाण्यात विरघळत नाही म्हणून धुऊन नीट जात नाही, आणि गिऱ्हाईक वास घेतं तेव्हा त्याच्या नाकात तेच शिरतं.

हा खेळ मी कारखान्यात पाहिलाय. पांढऱ्या साखरेसाठी आपल्याकडे बहुतेक कारखाने उसाचा रस सल्फिटेशनने साफ करतात. रसात चुन्याचं दूध आणि हा वायू सोबत सोडून पीएच ७ च्या आसपास ठेवायचा; चुना तो चढवतो, वायू उतरवतो. कॅल्शियम सल्फाइटचा साका बसतो आणि सोबत मळ ओढून नेतो. टनभर उसामागे साधारण अर्धा किलो गंधक लागतं, म्हणजे रोज ५००० टन गाळणारा कारखाना दिवसाला अडीच टन गंधक जाळतो. एका हंगामात दुसऱ्या पाळीत रसाचा पीएच वर सरकायला लागला. वायू कमी पडतोय असं समजून भट्टीवरच्या पोराने गंधक वाढवलं. पीएच आणखी वर. पुन्हा गंधक वाढवलं. मी जाऊन बघतो तर हवेच्या कॉम्प्रेसरचा पट्टा सैल होऊन घसरत होता. भट्टीला हवाच नव्हती. नळीचं वळण उघडलं तर आत मऊ पिवळ्या गंधकाचा बूच बसलेला. त्या पाळीची साखर अशी रंगाने आली की पोत्यांकडे बघवेना. तुमचा ५ किलोचा विचार आणि त्या पोराचा विचार एकच आहे, म्हणून हे सांगितलं.

वरचा माल पिवळा आणि खालचा तांबूस, याचंही उत्तर इथेच आहे. सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा सव्वादोन पट जड, तेव्हा तो खाली साचायला हवा, असं पुस्तक म्हणतं. थंड वायूच्या बाबतीत ते खरंच आहे. पण विस्तवावरून उठलेला वायू गरम असतो, तो सरळ छताला जातो, वरच्या क्रेटमधल्या मालात मुरतो आणि खाली उतरेपर्यंत त्यातला बराच संपलेला असतो. आत हवा फिरवणारं काही नसेल तर असं होणारच.

थोडक्यात आतापर्यंतचं: बंद खोलीतला ऑक्सिजन पुरत नाही, खालचा विस्तव गंधकाला जळण्याऐवजी उकळवतो, आणि वायू सारखा पसरत नाही. तिन्ही दोष जागेचे आणि पद्धतीचे आहेत. अभिक्रियेचा दोष नाही.

मध्येच एक शंका. तुम्ही गंधक कुठलं वापरता ते लिहिलेलं नाही. द्राक्षबागेत भुरी या बुरशीरोगासाठी ८० टक्क्यांचं पाण्यात विरघळणारं म्हणून जे गंधक येतं, ते बेदाण्याखाली जाळू नका. मेहुण्याकडे उरलेली पिशवी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून घमेल्यात गेलेली मी पाहिली आहे. ते खरं तर पाण्यात विरघळत नाही, नुसतं पसरतं, आणि ते पसरावं म्हणून त्यात उरलेले २० टक्के दुसरे पदार्थ घातलेले असतात. ते जळून काय होईल ते तुमच्या मालावर बसणार. ९९ टक्क्यांच्या वरचं स्वच्छ पिवळं गंधकच घ्या.

हे शुद्ध गंधक येतं कुठून, तेही गमतीचं आहे. आज ते बहुतेक तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येतं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० वर आली. काढलेलं गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात बाहेर पडतं. त्यातला एक तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि तो उरलेल्या दोन तृतीयांशावर सोडतात, की गंधक आणि पाणी तयार होतं. म्हणजे तुमच्या घमेल्यातल्या गंधकातलं काही तुमच्याकडे येण्याआधीच एकदा सल्फर डायऑक्साइड होऊन आलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, मेटा (म्हणजे मेटाबायसल्फाइट) आणि ॲसिडचा. मुलीच्या पुस्तकातली अभिक्रिया बरोबर आहे. सल्फाइट, बायसल्फाइट, मेटाबायसल्फाइट, कुठल्याही मिठावर (खायचं मीठ नव्हे, रसायनातलं लवण) त्याहून तीव्र ॲसिड टाकलं की हा वायू सुटतो. सोडियम मेटाबायसल्फाइटमधून वजनाच्या ६७ टक्के वायू मिळू शकतो, पोटॅशियमच्या मिठातून ५७-५८ टक्के. तेव्हा १ किलो गंधकाच्या जागी ३ किलो सोडियम मेटा लागेल, तुमच्या ४ किलोसाठी १२ किलो. तोही ताजा हवा. उघड्या पोत्यातला मेटा हवा आणि ओलावा खाऊन हळूहळू सल्फेट होतो, आणि सल्फेटमधून काहीच सुटत नाही.

पण माझा ‘नाही’ त्यामुळे नाही. गंधक जळायला वेळ घेतं, ज्योत धरते, तुम्हाला दार लावून बाहेर पडता येतं. ॲसिड पडलं की वायू त्या क्षणी सुटतो, फसफसतो, आणि तेव्हा तिथे बादली धरून एक माणूस उभा असतो. प्रयोगशाळेत चमचाभर मीठ आणि थेंबथेंब ॲसिड असतं, वर धुराडं असतं. शेडमध्ये १२ किलो मीठ आणि ॲसिडचा कॅन असणार. शिवाय बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वतःच धूर सोडतं, तो धूर मालावर बसणार. आणि शेवटी बादलीभर आंबट खारट पाणी उरेल, ते तुम्ही कुठे ओतणार? बागेत तर नक्कीच नाही.

मेटाचा योग्य उपयोग तुम्ही आधीच करत असाल, फक्त तसं लक्षात आलं नसेल. खायच्या द्राक्षांच्या पेटीत जो ग्रेप गार्डचा कागद ठेवतात, त्यात हेच सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतला ओलावा त्याला लागतो आणि वायू थोडा थोडा, कित्येक दिवस सुटत राहतो. तिथे कुणी ॲसिड टाकत नाही. बुरशी रोखायला तेवढा वायू पुरतो. २ टन मालाचा रंग एका रात्रीत बदलायला तो पुरणार नाही.

बाकीचे रस्ते मुलीसाठी सांगतो, तुमच्या कामाचे नाहीत. तांब्यावर तीव्र गरम सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की कॉपर सल्फेट आणि हा वायू मिळतो. तेच ॲसिड कोळशावर गरम केलं तर सोबत कार्बन डायऑक्साइडही येतो. फोटोवाल्यांच्या हायपोवर ॲसिड टाकलं तर वायूबरोबर गंधकाचा साकाही पडतो आणि द्रावण दुधासारखं होतं. कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात, तो प्रयोग यावरच आहे. जस्त, तांबं, लोखंड यांची सल्फाइड खनिजं हवेत भाजली की धातूचं ऑक्साइड आणि हाच वायू. सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यांना हा वायू मुद्दाम हवा असतो. कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीतून तो नको असताना येतो. सगळीकडे वायू एकच, सोबतची मंडळी वेगळी.

एक रस्ता राहिला, तो म्हणजे तयार वायू. सल्फर डायऑक्साइड उणे १० अंशांना द्रव होतो, त्यामुळे थोड्या दाबाखाली सिलिंडरमध्ये भरता येतो. काट्यावर ठेवून मोजून सोडता येतो, झडप फिरवली की बंद. रसायन म्हणून सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच. पण गळतीची तयारी, शिकलेला माणूस, परवानगी हे सगळं आलं. मोठ्या प्रक्रिया केंद्राला ते परवडेल. दोन-चार खोल्यांच्या शेडला मी सुचवणार नाही.

तेव्हा गंधकच जाळा, पण खोलीच्या बाहेर. आम्ही मेहुण्याकडे केलं ते असं. जाड लोखंडी पत्र्याची झाकणाची पेटी, आत रुंद उथळ तवा. गंधकाचा थर बोटभरापेक्षा कमी. खाली विस्तव नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कडेला ठेवून पेटवला की गंधक स्वतःच्या उष्णतेने जळत राहतं. किलोमागे ९ मेगाज्यूलच्या वर उष्णता सुटते, तिला मदत लागत नाही. पेटीला एका बाजूने छोटा ब्लोअर, दुसऱ्या बाजूने खोलीत जाणारी लोखंडी नळी, निदान ८-१० फूट लांब, म्हणजे वायू थंड होऊन आत जाईल आणि उडालेलं थोडंफार गंधक नळीतच बसेल. नळी सहज सुटी करून ठोकता आली पाहिजे, ते गंधक दर वेळी झाडावं लागतं. १ किलो गंधकाला निदान पावणेचार घनमीटर हवा लागते. आम्ही दुप्पट धरायचो. तासाला किलोभर जाळायचं तर ब्लोअर अगदी लहान पुरतो.

ज्योत निळी असली पाहिजे. दिवसा ती नीट दिसत नाही, म्हणून सुरुवात संध्याकाळी करा. झाकणाला काचेची फट ठेवली तर आत डोकावायला पेटी उघडावी लागत नाही. पेटीत पिवळट धूर भरलेला दिसला तर हवा वाढवा किंवा गंधक कमी करा.

बाहेरून हवा आत ढकलली की खोलीतून तितकीच बाहेर जाणार, तिच्यासोबत वायूही जाणार. म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूला एक निघण्याची नळी ठेवा आणि ती चुन्याचं दूध भरलेल्या पिंपातून न्या. चुना वायूला धरून कॅल्शियम सल्फाइट करतो, म्हणजे कारखान्यातल्या रसात होतं तेच. पिंपात किलोभर गंधकामागे अडीच किलो विरवलेला चुना ठेवला तर भरपूर झाला. शेजाऱ्याची बाग जवळ असेल तर हे टाळू नका, हा वायू पानं जाळतो आणि मग भांडण वायूचं राहत नाही. खोलीत वायू सारखा पसरावा म्हणून क्रेट भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये फटी ठेवून रचा आणि खाली एक पंखा फिरता ठेवा. त्याची मोटार खोलीबाहेर, दांडा भिंतीतून आत. ओल्या वायूत मोटार हंगामही टिकत नाही. आमच्या दोन गेल्या.

लोखंडाचं म्हणाल तर कोरडा वायू त्याला फारसा त्रास देत नाही. ओलावा मिळाला की मात्र ॲसिड होतं. शिवाय गरम वायू रेंगाळला आणि गंजलेलं लोखंड भेटलं तर त्यातला थोडा पुढे जाऊन सल्फर ट्रायऑक्साइड होतो, आणि त्याचं सरळ सल्फ्युरिक ॲसिड. कारखान्यात म्हणूनच भट्टीची हवा आधी कोरडी करतात आणि वायू झटपट २०० अंशांच्या खाली आणतात. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. पावसाळी हवेत जाळू नका आणि दर हंगामाला नळी बघून बदला, एवढं पुरे.

किती गंधक, हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. ते मालावर, त्यातल्या ओलाव्यावर आणि गिऱ्हाइकावर आहे. वायू कोरड्या मण्यात शिरत नाही, सालीवरच्या पाण्यात आधी विरघळतो. कडक वाळलेल्या मालाला धुरीआधी हलका पाण्याचा हात दिला तर निम्म्या गंधकात तोच रंग येतो, असा आमचा अनुभव. रंग येतो तो दोन कारणांनी: मण्यातलं जे विकर (एन्झाइम) हवेशी मिळून तपकिरी रंग करतं त्याला हा वायू थांबवतो, आणि साखरेपासून होणारं तांबूसपण अडवतो. पण आधीच तांबूस झालेला माल थोडाच उजळतो आणि साठवणीत परत फिरतो. वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात नीट न बुडालेला, रॅकवर जास्त दिवस काढलेला माल धुरीने सुधारत नाही. तुमच्या खालच्या क्रेटमध्ये तसा काही माल मिसळला होता का, तेही बघा.

टनाला २ किलो म्हणजे ४ किलो वायू. तो सगळा मालात मुरला तर किलोला ४००० मिलिग्रॅम. सगळा मुरत नाही हे खरं, पण युरोपात बेदाण्याला मर्यादा किलोला २००० मिलिग्रॅम आहे, आणि १० च्या वर असेल तर वेष्टनावर सल्फाइट लिहावंच लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही. म्हणजे तुमचं गंधक नीट जळायला लागलं की आजचा आकडा जास्तच ठरेल. आजवर तो चालला, कारण निम्मं घमेल्यात राहत होतं. निर्यातीचा किंवा मोठ्या व्यापाऱ्याचा माल असेल तर त्याची मर्यादा आधी विचारून घ्या आणि नमुना प्रयोगशाळेत मोनियर-विल्यम्स पद्धतीने (सल्फाइट मोजायची ठरलेली पद्धत) तपासा. वासावरून अंदाज करू नका. मालात धरला गेलेला वायू नाकाला कळत नाही.

सुरक्षेचं शेवटी लिहितोय, पण तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा तेच मनात आलं. ४ किलो गंधक त्या खोलीत पूर्ण जळालं तर हवेत १५ टक्के वायू होईल, म्हणजे दीड लाख पीपीएम. १०० पीपीएमलाच जिवाला तत्काळ धोका धरतात. वर ऑक्सिजन २१ वरून ५-६ टक्क्यांवर आलेला. अशा खोलीत ओला रुमाल सोडाच, या वायूसाठी मिळणारा पिवळ्या पट्टीच्या डबीचा मास्कही उपयोगाचा नाही, कारण तो वायू गाळतो, ऑक्सिजन आणून देत नाही. सकाळी दोन्ही बाजूंची दारं बाहेरून उघडता आली पाहिजेत. उघडल्यावर निदान तासभर कुणी आत जायचं नाही, आणि नंतरही एकट्याने नाही. मास्क उपयोगी पडतो तो त्यानंतर, उरल्यासुरल्या वायूत क्रेट काढताना. दमा असलेल्या मजुराला धुरीच्या दिवशी शेडच्या आसपासही ठेवू नका, त्याला १ पीपीएमखालीही त्रास होतो.

पहिल्या वेळी सगळे २ टन आत घालू नका. २० क्रेट घ्या, वर, मध्ये, खाली खुणा करा, टनाला १ किलोच्या हिशेबाने तोलून गंधक जाळा आणि सकाळी तव्यात उरलेलं पुन्हा तोला. तव्यात काही उरलं नाही, नळीत चिमूटभर निघालं आणि वरच्या-खालच्या क्रेटचा रंग एकसारखा आला, तर पेटी जमली. रंग सगळीकडे सारखा, पण कमीच उजळला तर पुढच्या वेळी टनामागे पाव किलो वाढवा. वर-खाली फरक राहिला तर गंधकाला हात लावू नका, पंख्याची जागा बदला. आणि ते दोन्ही आकडे इथे कळवा, जाळलेलं किती आणि उरलेलं किती, म्हणजे ब्लोअर वाढवायचा की थर कमी करायचा ते सांगता येईल.